आणखी दहा मिनिटं

 मागच्या रांगेत ट्रॅकपॅन्ट घालून बसलेल्या मुलामुलींनो, आजचं माझं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे आणि तुमच्याविषयी आहे.

व्याख्यान संध्याकाळी असलं तरी मी आज मुद्दाम पहाटेच निघालो. भंडाऱ्याहून वरठी ओलांडून मोहाडीकडे येताना अजून उजाडायचं होतं. धानाची कापणी आटोपली आहे, बांध्यांमध्ये धसकटं उरली आहेत आणि त्यांच्यावर धुकं बसलं होतं. गाडीच्या उजेडात आधी एक पांढरा बूट दिसला, मग दुसरा, मग दोन पोरं, मग जरा अंतर ठेवून तीन मुली. पुढच्या दोन-तीन गावांपर्यंत रस्त्याच्या कडेनं हेच चाललेलं होतं. कुणाला पोलीस भरती द्यायची आहे, कुणाला अग्निवीर व्हायचं आहे, कुणाला वनरक्षक. पहाटे साडेचारला घराबाहेर पडणारी ही पिढी आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहे. यांचं कौतुक करताना आपण ‘जिद्द’ हा शब्द वापरतो, आणि कुणी मागं पडला तर म्हणतो, ‘मनानं कच्चा आहे.’ या दोन शब्दांवरच मला आज बोलायचं आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात मन नेमकं काय काम करतं, हे आपण नीट समजून घेतलेलं नाही, आणि त्याची किंमत ही मुलं मोजत आहेत असं मला वाटतं.

सुरुवात एका प्रयोगानं करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी तो केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध झाला. धावणाऱ्या काही स्त्री-पुरुषांना त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी ट्रेडमिलवर धावायला लावलं. तिन्ही दिवशी वेग तोच आणि वेळही तीच, वीस मिनिटं. पण सांगताना फरक केला. एका दिवशी सांगितलं, वीस मिनिटं धावायचं आहे. दुसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही, नुसतं ‘धावा’ म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, दहा मिनिटं धावायचं आहे. दहावं मिनिट संपत आलं तेव्हा म्हणाले, आणखी दहा मिनिटं. धावताना मधूनमधून प्रत्येकाला विचारत होते, किती जड जातंय, आकड्यात सांगा.

त्या तिसऱ्या दिवशी, ‘आणखी दहा मिनिटं’ हे शब्द कानावर पडताच पुढच्या एका मिनिटात तो आकडा एकदम वर गेला. पट्टा त्याच वेगानं फिरत होता. पायांवर रतीभरही जास्त भार पडलेला नव्हता. मिनिटभरापूर्वी जे जमत होतं तेच आता जड झालं, आणि धावण्यातला आनंदही त्याच क्षणी ओसरला. काहीच न सांगितलेल्या दिवशी मात्र शरीर आपोआप काटकसरीनं वागलं, प्राणवायू जपून वापरू लागलं. शेवट कुठं आहे ते ठाऊक नसलेला माणूस हात राखून धावतो, आणि ही राखण त्याला कुणी शिकवावी लागत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या तरुणपणातलं एक शिबिर आठवलं. तिथले प्रशिक्षक आम्हाला पाच फेऱ्या सांगायचे, आणि पाचवी संपता संपता म्हणायचे, ‘अजून एक.’ ती झाली की ‘अजून एक.’ यानं मन कणखर होतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आठवडाभरात आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो, पाचवी फेरी कधीच पूर्ण जोर लावून धावायची नाही. ज्या शेवटच्या फेरीत माणूस स्वतःला ओलांडतो, ती फेरीच त्यांनी आमच्याकडून काढून घेतली होती.

इथल्या मुलांकडून धावण्याचा सराव करून घेणारे आपले दिवंगत गुरुजी याच्या नेमके उलट होते. ज्यांनी त्यांच्या हाताखाली धावून पाहिलं आहे त्यांना आठवत असेल, तलावाच्या पाळीवर ते घड्याळ घेऊन उभे असायचे आणि किती राहिलं ते खरं सांगायचे. पोरगं कितीही केविलवाणं झालं तरी ‘झालंच आता, थोडंच राहिलं’ असं खोटं सांगून त्यांनी कुणाला पळवलं नाही. ‘दोन राहिल्या’ म्हटलं की दोनच. त्या वेळी मला तो त्यांचा रोखठोक स्वभाव वाटायचा. आज वाटतं, या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं सूत्र त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळलेलं होतं.

आपल्याकडं याचा एक फार जुना दाखला आहे. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी वेळापूरच्या जवळ आली की ‘धावा’ होतो. तुकोबांना तिथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेतली कथा आहे. दोन आठवड्यांहून जास्त चाललेले पाय, टाचा फुटलेल्या, अंगात कणकण, आणि तरी हजारो माणसं उतारावरून धावत सुटतात. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात. ती ताकद आदल्या मुक्कामालाही अंगात होतीच, तिला सुटायला शेवट दिसायला हवा होता.

थकवा म्हणजे काय, हा प्रश्न आता विचारायला हरकत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर सरळ होतं. इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या मांडणीत शरीर म्हणजे इंजिन होतं. प्राणवायू कमी पडला, स्नायूंत आम्ल साठलं, की इंजिन थांबलं. त्यानंतरची बरीच वर्षं खेळाचं शास्त्र याच वाटेनं चाललं. पण एक गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. मॅरेथॉनच्या चाळिसाव्या किलोमीटरला जो माणूस मेल्यासारखा धावत असतो, तो शेवटचे दोनशे मीटर चक्क वेग वाढवतो. इंजिनाचं तेल संपलं असेल तर हा वेग आला कुठून?

दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकाअखेरीस असं मांडलं की मेंदू आधीच लगाम ओढतो. हृदयाला, स्नायूंना खरी इजा होण्याच्या पुष्कळ आधी तो स्नायूंना मिळणारा हुकूम कमी करतो, आणि त्या लगामाची आपल्याला होणारी जाणीव म्हणजे थकवा. पुढे सामुएले मार्कोरा या इटालियन संशोधकानं जरा वेगळं सांगितलं. त्याच्या मते माणूस थांबतो, कारण तो थांबायचं ठरवतो. किती जड जातंय आणि मला हे किती हवं आहे, या दोन गोष्टी मन सतत तागडीत घालत असतं, आणि पहिलं पारडं खाली गेलं की आपण थांबतो. या दोघांत आजही वाद आहे आणि स्नायूंची बाजू मांडणारेही गप्प बसलेले नाहीत. साखरेचा साठा संपला की तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत पाय खरोखरच शिशाचे होतात, ते काही मनाचे खेळ नाहीत. पण आपल्या कामापुरतं एवढं पक्कं आहे की पायातून, छातीतून, कातडीतून येणारी खबर मनापाशी येते आणि निवाडा तिथं होतो. मन म्हणजे धमक नव्हे, मन हिशेबनीस आहे. त्याच्यापुढं खोटे कागद ठेवले तर त्याचा निवाडाही चुकेल.

धावताना हा निवाडा कसा होतो ते रोवणीच्या दिवसांत आपल्या बांधीत दिसतं. भर पावसात, घोटाभर चिखलात, कमरेत वाकून बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत पऱ्हे रोवतात. या कामापुढं अर्ध मॅरेथॉन सोपी म्हणावी लागेल. त्यातली एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो, पण तिचा अर्थ फार उशिरा लागला. रोवणारी बाई मागं मागं सरकत जाते. म्हणजे किती उरलं ते तिच्या पाठीकडे असतं, आणि डोळ्यांपुढं असतो तो तिनं लावलेला हिरवा पट्टा. तो प्रत्येक मुठीबरोबर वाढत जातो. आणि तोंडात गाणं असतं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि हात त्या लयीवर चालायचे.

विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७७ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांना विचारलं होतं, धावताना तुमचं लक्ष कुठं असतं? साधारण धावपटू म्हणाले, आम्ही लक्ष दुसरीकडं नेतो. कुणी मनातल्या मनात घर बांधायचा, कुणी जुनी गाणी म्हणायचा. पण जे अव्वल होते ते म्हणाले, आमचं लक्ष शरीरावरच असतं, श्वास कसा चाललाय, खांदे आवळलेत का, पाऊल कुठं पडतंय. बरेच प्रशिक्षक यावरून नियम काढतात की गाणी बंद, लक्ष श्वासावर. मला हे पटत नाही. रोवणीच्या बाया दोन्ही करतात. गाणं चालू असतं आणि बोटांना दोन रोपांतलं अंतर अचूक कळत असतं. आंधळगावच्या मागावर कोसा विणणारा कारागीरही तसाच. तो गप्पा मारेल, पण धागा तुटला की त्याचा हात तुमच्या डोळ्यांआधी थांबतो. मुलांनो, लांब धावताना पहिल्या भागात मनाला मोकळं सोडा. शेवटच्या भागात, जिथं दुखायला लागतं, तिथं त्याला घरी बोलवा. दुखण्यापासून पळणारं मन त्या दुखण्याला मोठं करून पाहतं. जवळ जाऊन पाहिलं की ते बहुतेक वेळा पिंडरीतलं एखादं साधं दुखणं असतं.

या सगळ्याला इतिहास आहे आणि तो मराठी मुलखातलाच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली झालेल्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आलं की अनवाणी धावणारे हे शेतकरी युरोपच्या स्पर्धेत उभे राहू शकतील. दुसऱ्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिम्पिकला जी चिमूटभर माणसं गेली, त्यांत मॅरेथॉनसाठी दोघं होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. चौगुले तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचे होते. तुमच्यातल्या बारावी झालेल्या पोराएवढे.

२२ ऑगस्ट १९२० चा तो दिवस थंड आणि पावसाळी होता. आणि ती शर्यत नेहमीच्या मॅरेथॉनची नव्हती. आज ठरलेलं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे; अँटवर्पला ते ४२,७५० मीटर होतं, ऑलिम्पिकच्या इतिहासातलं सर्वांत लांब. म्हणजे जिथं आज शर्यत संपते तिथून पुढं त्यांना आणखी अर्ध्या किलोमीटरहून जास्त धावायचं होतं. फिनलंडचे हान्स कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद घेऊन एकोणिसावे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

दातारांविषयी आपण बोलत नाही. मला बोलावंसं वाटतं. बोटीचा लांबचा प्रवास, परका पाऊस, परका रस्ता, आपली भाषा बोलणारं कडेला कुणी नाही. अशा ठिकाणी थांबलेल्या माणसाला ‘मनानं कच्चा’ म्हणणं सोपं आहे. ते दोघं एकाच देशातून, एकाच मोहिमेत गेले होते. एक पोचला आणि एक थांबला. त्या दिवशी त्या दोघांच्या तागडीत काय काय पडलं असेल ते आपल्याला कधीच कळणार नाही. धावणाऱ्यांची गोष्ट सांगताना थांबलेल्याचं नाव गाळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आपल्या काळातलं उदाहरण. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटरवर, आणि तिथं जायला पाय. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला पहारा दिलेला हा मुलगा शर्यतींकडं वळला तो सैन्यातल्या क्रॉस-कंट्रीतून, २०१५ च्या सुमारास. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा वेळा या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच्या खेळाडूंनी नेली होती. सुरुवातीच्या रेषेवर केनियाची जर्सी दिसली की बाकीचे चौथ्या जागेसाठी धावायचे, असं म्हटलं तरी चालेल.

२०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या युजीन इथं जागतिक स्पर्धेत साबळे ८ मिनिटं ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. ती शर्यतच संथ झाली, सगळे एकमेकांकडं पाहत राहिले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, हाच साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंद धावला, वीस सेकंदांनी वेगवान. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ मध्ये पहिला. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. ती शेवटची फेरी मी अनेकदा पाहिली आहे. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो जवळ जवळ येत जातो. वीस दिवसांत कुणाचं फुप्फुस एवढं बदलत नाही. यावेळी तो पुढच्या जोडीबरोबर राहिला, त्यांच्या वेगाला आपला वेग मानला. केनियाच्या तिघांनंतर आपली जागा, हा शंभर तोंडांनी ठरवलेला हिशेब त्यानं मनातून काढून टाकला, आणि तागडीचं दुसरं पारडं जड झालं.

साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर हीसुद्धा याच शर्यतीची. आधी मॅरेथॉन धावायची. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती अंतिम फेरीत गेली आणि १५ ऑगस्टच्या दिवशी दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. माणदेशाच्या दुष्काळी मुलखातून आलेल्या मुलीला जे जमलं ते वैनगंगेच्या काठच्या मुलीला जमणार नाही, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

मनाशी बोलायचं कसं, हे विचारायला मुलं येतात. इथं आपण भाग्यवान आहोत, कारण मराठीत मनाशी बोलण्याची परंपरा साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला समोर बसवून, त्याला नावानं हाक मारून सांगितलेले आहेत. ‘मी असं करीन’ अशी ती भाषा नाही. ‘तू असं कर’ अशी आहे. अलीकडे सायकलपटूंवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं की स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा ‘तू’ म्हणून बोलताना तीच माणसं तेच अंतर जास्त वेगानं पार करतात, आणि त्यांना ते जास्त जड गेल्यासारखंही वाटत नाही. त्याआधी २०१४ मध्ये चोवीस जणांवर केलेल्या प्रयोगात, दोन आठवडे स्वतःशी बोलण्याचा सराव केलेल्यांनी दमून थांबेपर्यंतची वेळ १८ टक्क्यांनी वाढवली. स्नायू तेच. बोलणं तेवढं बदललं.

पण हे बोलणं आपल्या बोलीत हवं. याच तालुक्यातल्या एका मुलीनं मला सांगितलं, ती धावताना म्हणते, ‘चाल वो बाई, त्या बाभळीपर्यंत.’ बाभूळ आली की, ‘आता त्या पुलीपर्यंत.’ तिला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. ‘मी करू शकते’ असं भिंतीवर लिहून जे होत नाही ते या एका वाक्यात झालेलं आहे. त्यात हाक आहे, हुकूम आहे, माया आहे आणि मुख्य म्हणजे पुढची रेघ कुठं आहे ते आहे.

याच मुलीची गोष्ट पुढं सांगतो. ती पोलीस भरतीतल्या मुलींच्या ८०० मीटरची तयारी करत होती. पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद लागतात आणि ती ३ मिनिटं १० च्या खाली येत नव्हती. चार महिने. रोज तेच. घरचे म्हणायला लागले, नाही जमत तर सोड. ती स्वतःही म्हणायला लागली, माझ्यात नाही. मी विचारलं, अंतर कुणी मोजलं? तर गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलच्या काट्यावर मोजून दगड ठेवलेला होता. आम्ही टेप आणला आणि मोजलं. ते ८७० मीटर भरलं. म्हणजे ८०० मीटर ती तीन मिनिटांच्या आत, २ मिनिटं ५५ सेकंदांत धावत होती आणि तिला ठाऊकच नव्हतं. ती त्या दगडावर बसून रडली. चार महिने एका चुकलेल्या दगडानं तिला सांगितलं होतं की तू कमी आहेस. पुढच्या महिन्यात ती २:५० च्या आत आली. मला आजही वाटतं, त्या महिन्यात तिच्या पायांचा सराव फारसा बदलला नव्हता.

शेवटची रेघ माणसाकडून काय काय करवून घेते याचा एक प्रचंड मोठा पुरावा आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी मॅरेथॉन पूर्ण केलेल्यांच्या सुमारे ९८ लाख वेळा गोळा करून पाहिल्या. साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या अलीकडं माणसांची दाटी दिसली आणि पलीकडं एकदम विरळ. चार तासांचं निसर्गात काही विशेष नाही. पण ३ तास ५८ मिनिटांच्या आसपास असलेला दमलेला माणूस कुठून तरी जोर आणतो, आणि ४ तास ३ मिनिटांवरचा आणत नाही.

इथं एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. मनाचा लगाम ढिला करता येतो, हे मी इतका वेळ सांगतोय. पण तो लगाम तिथं कशासाठी आहे हे विसरलो तर माणसं मरतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी ५ किलोमीटर धावताना तरुण कोसळले आणि त्यांतले काही गेले. उकाडा होता, प्रवासानं दमलेली, नीट झोप न झालेली, पोटात फारसं काही नसलेली पोरं होती. आज पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आहे, पण वनरक्षकाला मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर आहेच. ज्याला नोकरीची एवढी निकड आहे त्याचं ‘हवं आहे’चं पारडं इतकं जड असतं की शरीराची खरी हाकही त्याला ऐकू येत नाही. त्या मुलांचं मन कच्चं नव्हतं. कच्चं असतं तर ती थांबली असती आणि आज घरी असती. आपल्याकडं उन्हाळ्यातले नवतपाचे दिवस काय असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. धावताना सोबत्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, पाय भलतीकडं पडायला लागले, तर त्याला ‘चल, चल’ म्हणू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. अंग थंड करणं आधी, गाडी बोलावणं त्याच्याबरोबर.

आणि आता मोठ्या माणसांशी दोन शब्द. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात मार्कोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोळा जणांना एका दिवशी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याऐवजी ९० मिनिटं साधे माहितीपट दाखवले आणि मग सायकल. माहितीपटानंतर ते सरासरी १२ मिनिटं ३४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर १० मिनिटं ४० सेकंद. हृदय, प्राणवायू, रक्त, सगळं तसंच होतं. पहिल्या मिनिटापासून जड वाटत होतं, एवढाच फरक.

आता रस्त्यावरच्या त्या मुलाकडं पाहा. पहाटे धावणं, दिवसा शेतात किंवा कुठं तरी रोजी, रात्री सामान्य ज्ञानाचं पुस्तक. बहिणीचं लग्न व्हायचं आहे. वयाची मर्यादा जवळ येते आहे. जाहिरात येणार येणार म्हणतात आणि येत नाही. आली तर मैदानाची तारीख पुढं जाते. मैदान झालं तर लेखी अडकते. म्हणजे दहा मिनिटं सांगून आपण त्याला आणखी दहा मिनिटं धावायला लावतो, आणि मग आणखी दहा. वेग तोच असतो त्याचा. तरीही त्याला ते जड जायला लागतं, आणि आपण चावडीवर बसून त्याच्या मनाची परीक्षा करतो. भरतीच्या तारखा आपल्या हातात नाहीत, हे मला कळतं. पण संध्याकाळी तो घरी आला की त्याला पहिला प्रश्न ‘कधी निघते जागा?’ हा विचारायचा की नाही, हे आपल्या हातात आहे. धावायच्या आदल्या रात्री त्याला घरातल्या पैशाच्या वादात ओढायचं की नाही, हेही. मुलगी पहाटे धावायला निघाली की तिनं रस्त्यावरच्या नजरांचा हिशेब ठेवत धावायचं की फक्त बाभळीचा, हे तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. तिच्या ८०० मीटरमधले किती सेकंद त्या नजरांनी खाल्ले असतील, याचा विचार करून मला रात्री झोप लागत नाही.

एका मोठ्या मैदानाची, सिंथेटिक ट्रॅकची मागणी इथं दरवर्षी होते. ती रास्त आहे आणि ती करत राहा. पण गुरुजींच्या पाळीवर आज, या क्षणी, एकही खूण नाही. ते गेल्यापासून दगडांवरचा चुना धुऊन गेला आहे. मुलं अंदाजानं धावतात.

मी सोबत ५० मीटरचा टेप आणला आहे. चुन्याची पिशवी आणि दोन ब्रश आहेत. उद्या पहाटे पाच वाजता मी पाळीच्या आंब्याखाली असेन. दर शंभर मीटरला खूण करू, ८०० ला आणि १६०० ला मोठी रेघ, आणि टेप दोनदा धरू, कारण एकदा धरलेल्या मापावर माझा भरवसा नाही. टेपाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल. अंधार असेल, येताना टॉर्च आणा.